टिकलेले अन्न आणि सुरक्षित अन्न : सूक्ष्मजीवरोधक वेष्टनांची एक कहाणी

विज्ञानाच्या बातम्यांत अधूनमधून एक बातमी हमखास येते. देशातील एखाद्या संस्थेने अन्नासाठी सूक्ष्मजीवरोधक वेष्टन तयार केलेले असते. त्यात कधी चांदीचे अतिसूक्ष्म कण असतात, कधी कोळंबीच्या कवचापासून काढलेले कायटोसॅन, तर कधी लवंगेचे तेल. त्या वेष्टनात गुंडाळलेले फळ किंवा पनीर नेहमीपेक्षा काही दिवस अधिक टिकले, असे बातमी सांगते. शीर्षकात बहुधा ‘सुरक्षित अन्न’ हे शब्द असतात; मजकुरात मात्र मोजमाप असते ते टिकाऊपणाचे.

टिकणे आणि सुरक्षित असणे हे शब्द आपण सहज एकमेकांच्या जागी वापरतो. विज्ञानाच्या दृष्टीने त्या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि हा भेद ध्यानात यायला बराच काळ जावा लागला. या वेष्टनांचा इतिहास म्हणजे त्या उमजण्याचाच इतिहास आहे. त्यातील एक महत्त्वाचे पान आपल्याकडे, म्हैसूरमध्ये लिहिले गेले.

आरंभ मात्र फ्रान्समध्ये करावा लागतो. निकोला आपेर या मिठाई बनवणाऱ्या कारागिराने काचेच्या बाटलीत अन्न भरून, बूच घट्ट बसवून, ती बाटली उकळत्या पाण्यात ठेवण्याची रीत शोधली. १८१० साली तिच्यासाठी त्याला फ्रेंच सरकारकडून १२,००० फ्रँकचे पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये पीटर ड्यूरँडने धातूच्या डब्याचे पेटंट घेतले. अन्न का नासते हे आपेरला ठाऊक नव्हते. त्याचे उत्तर लुई पाश्चरच्या १८६० च्या दशकातील प्रयोगांनी दिले. परंतु रीत अचूक होती : आतले जंतू उष्णतेने मारायचे आणि बाहेरचे आत येऊ नयेत म्हणून भिंत उभी करायची. पुढची शंभर वर्षे वेष्टन म्हणजे भिंत, हीच कल्पना राहिली.

या कल्पनेतील धोका १८९५ च्या डिसेंबरात उघड झाला. बेल्जियममधील एलझेल या गावी एका अंत्यविधीसाठी आलेल्या वादकांनी खारवलेले हॅम खाल्ले. त्यांतील अनेक जण आजारी पडले. कोणाला एकाचे दोन दिसू लागले, कोणाला घास गिळता येईना. तिघे दगावले. एमिल व्हान एर्मेंगेम या जिवाणुशास्त्रज्ञाने त्या हॅममधून एक जिवाणू वेगळा केला. आज आपण त्याला क्लोस्ट्रिडियम बोट्युलिनम म्हणतो. हा जिवाणू प्राणवायू नसेल तेथेच वाढतो. म्हणजे हवाबंद भिंत, जिच्यामुळे इतर जंतूंची वाट अडते, त्याला सोयीचीच ठरते. दुसरी गोष्ट त्याहून अस्वस्थ करणारी होती : ते हॅम सडल्यासारखे दिसत नव्हते. वास, रंग आणि चव यांवर माणसाने हजारो वर्षे विश्वास ठेवला होता. येथे त्यांपैकी काहीच कामी आले नाही.

विसाव्या शतकात भिंत पातळ आणि पारदर्शक झाली. स्विस रसायनशास्त्रज्ञ जाक ब्रांडेनबर्गर याने १९०८ साली सेलोफेन शोधले. १९२७ मध्ये अमेरिकेत ड्युपाँच्या विल्यम चार्चने त्याला ओलाव्याला दाद न देणारे रूप दिले. १९३३ साली इंग्लंडमध्ये इम्पीरियल केमिकल इंडस्ट्रीजच्या प्रयोगशाळेत पॉलिथिन हाती लागले. आता अन्न दिसूही लागले आणि कोरडेही पडेनासे झाले. पण नेमक्या याच गुणाने नवी अडचण उभी केली. कागदात गुंडाळलेला पाव वाळून कडक होतो. पिशवीतला पाव मऊ राहतो, कारण ओलावा आतच कोंडला जातो. आणि त्या ओलाव्यावर बुरशी धरते. पावसाळ्यात याचा अनुभव घेतला नाही असे घर आपल्याकडे सापडणार नाही. पाव भाजल्यावर थंड होताना, कापताना आणि भरताना बुरशीचे बीजाणू त्यावर बसतात. पिशवीत भरल्यावर तो पुन्हा उकळता येत नाही. आपेरची रीत येथे थांबते.

मग प्रश्न आला तो असा : भिंतीलाच पहारेकऱ्याचे काम देता येईल का?

त्यासाठी योग्य द्रव्य हाताशी होते. सॉर्बिक आम्ल प्रथम वेगळे केले ऑगस्ट हॉफमन याने, १८५९ साली, रोवन नावाच्या झाडाच्या फळांपासून. त्यानंतर ऐंशी वर्षे ते प्रयोगशाळेतील एक साधे आम्ल म्हणून पडून राहिले. ते बुरशीला रोखते हे १९३९-४० च्या सुमारास जर्मनीत ई. म्युलर आणि अमेरिकेत सी. एम. गुडिंग यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे दाखवले. १९५० च्या दशकात अमेरिकेत चीजच्या वेष्टनावर त्याचे प्रयोग झाले.

आता म्हैसूरकडे येऊ. स्वातंत्र्यानंतर लवकरच, १९५० साली, तेथील चेलुवांबा राजवाड्यात केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था सुरू झाली. १९६१ साली त्याच शहरात संरक्षण खात्याची अन्न संशोधन प्रयोगशाळा उभी राहिली. तिच्यापुढचा प्रश्न स्पष्ट होता. सैनिक हिमालयात असो वा वाळवंटात, त्याच्यापर्यंत अन्न पोचेतो दिवस जातात, आणि वाटेत शीतपेटी नसते. टिकणारी चपाती ही या प्रयोगशाळेची परिचित देणगी. तिच्यातही सॉर्बिक आम्लाचा उपयोग आहे.

याच प्रयोगशाळेतील के. जी. घोष आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ साली आणि पुन्हा १९७७ साली बुरशीरोधक वेष्टनांवर दोन शोधनिबंध प्रसिद्ध केले. पहिल्यात द्रव्य कागदात मुरवण्याची पद्धत होती. दुसऱ्यात द्रव्याचा थर वेष्टनावर चढवण्याची. तेल न झिरपणाऱ्या साध्या कागदावर सॉर्बिक आम्लाचा लेप, इतकी ती साधी गोष्ट. ‘सक्रिय वेष्टन’ ही संज्ञा अमेरिकेतील थिओडोर लाबुझा यांच्या १९८९ च्या लेखानंतर रूढ होत गेली. म्हणजे नाव रूढ होण्याच्या दीड दशक आधी म्हैसूरच्या कागदावर ती कल्पना प्रत्यक्षात उतरलेली होती. सक्रिय वेष्टनांवरील पुढच्या आंतरराष्ट्रीय समीक्षालेखांत या दोन निबंधांचा उल्लेख आढळतो. आपल्याकडच्या विज्ञानाच्या गप्पांत मात्र तो क्वचितच येतो.

या लेपाची युक्ती कशात आहे? द्रव्य पावाच्या कणकेतच का मिसळू नये? एक कारण असे की सॉर्बिक आम्ल बुरशी आणि यीस्ट यांच्यात भेद करत नाही. कणकेत मिसळले तर ते पाव फुगवणाऱ्या यीस्टलाच मारक ठरते. दुसरे कारण भौतिकशास्त्राचे आहे, आणि माझे शिक्षण त्या विषयातले असल्याने मला ते विशेष भावते. बुरशी वाढते ती पृष्ठभागावर. ओलसर अन्नाच्या पृष्ठभागावर परिरक्षक फवारले तर ते तेथे थांबत नाही, आत पसरत जाते. आडोल्फ फिकने १८५५ साली मांडलेल्या विसरणाच्या नियमावरून याचा हिशेब करता येतो. पाणीदार अन्नात लहान रेणूचा विसरण गुणांक सेकंदाला सुमारे १०⁻¹० चौरस मीटर धरला, तर दिवसभरात तो रेणू साधारण तीन मिलिमीटर आत शिरतो. म्हणजे दुसऱ्या दिवशी पहाऱ्याची जागा बरीचशी रिकामी. वेष्टन मात्र पृष्ठभागाला चिकटून राहते आणि आपल्या साठ्यातून थोडे थोडे द्रव्य नेमके त्याच जागी पुरवत राहते.

हा पुरवठा किती वेगाने व्हावा, येथे सारी मेख आहे. द्रव्य बाहेर पडायला लागणारा काळ फिल्मच्या जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात आणि विसरण गुणांकाच्या व्यस्त प्रमाणात असतो. समजा फिल्म ५० मायक्रॉन जाडीची आहे. आतील गुणांक १०⁻¹³ असेल तर साठा सुमारे सात तासांत रिकामा होईल. गुणांक १०⁻¹५ असेल तर तेवढ्याच कामाला जवळजवळ महिना लागेल. पहिल्या फिल्मने आठवडाभराच्या पनीरचे रक्षण होणार नाही, आणि दुसरी फिल्म इतक्या मंदपणे देईल की जंतू तिच्या आधीच वाढून बसतील. तापमान वाढले की दोन्ही आकडे बदलतात. उत्तम वेष्टन म्हणजे अधिकाधिक विषारी वेष्टन नव्हे. जंतूच्या वाढीच्या वेगाशी ज्याच्या देण्याचा वेग जुळतो ते वेष्टन.

म्हैसूरच्या प्रयोगात आणखी एक शहाणपण होते : अन्नाची निवड. सॉर्बिक आम्लाचा रेणू अखंड असेल तरच तो जंतूच्या पेशीपटलातून सहज आत जातो. पीएच ४.७६ ला निम्मे रेणू अखंड असतात. दुधासारख्या ६.७ च्या आसपास पीएच असलेल्या पदार्थात ते प्रमाण एक टक्क्याच्या जवळ येते. पाव किंचित आम्लधर्मी असतो, आणि त्याचा मुख्य शत्रू बुरशी हाच असतो. म्हणून तेथे हे द्रव्य चालते. दुधाला तेच द्रव्य लावले तर त्याचा फारसा उपयोग नाही. एक द्रव्य, एक अन्न, एक शत्रू अशी नेमकी जुळणी त्या कागदात होती. त्यात आश्वासन होते ते पाव टिकण्याचे. पावाच्या बाबतीत ते पुरेसेही होते, कारण पावावरची बुरशी डोळ्यांना दिसते.

परंतु त्यानंतरच्या दशकात प्रश्नाचे स्वरूपच पालटले. १९८१ साली कॅनडाच्या सागरी प्रांतांत लोक एका विचित्र आजाराने आजारी पडू लागले. त्यांत गर्भवती स्त्रिया आणि नवजात बालके लक्षणीय होती. शोध घेता घेता माग कोबीच्या कोशिंबिरीपर्यंत, म्हणजे कोलस्लॉपर्यंत, पोचला. तो कोबी मेंढ्यांच्या खतावर वाढलेला होता, आणि त्या कळपात लिस्टेरियाचा आजार होऊन गेला होता. लिस्टेरिया मोनोसायटोजिनिस अन्नातून पसरतो हे त्या साथीने निर्विवाद ठरवले. हा जिवाणू शीतकपाटाच्या ४ अंश तापमानातही वाढतो, आणि वाढताना अन्नाचा वास वा रंग सहसा बदलत नाही. २०१७-१८ मध्ये दक्षिण आफ्रिकेत पोलोनी या तयार मांसपदार्थातून याच जिवाणूची हजाराहून अधिक माणसांना बाधा झाली आणि दोनशेहून अधिक दगावली.

आता टिकणे आणि सुरक्षित असणे यांतील दरी पुरती उघडी पडते. शीतकपाटात ठेवलेले अन्न नासवणारे जंतू एका अर्थी आपले जासूद असतात : आंबूस वास आला, चिकटपणा आला, की आपण अन्न टाकून देतो. एखाद्या वेष्टनाने या जासुदांना गप्प केले, अन्न पाचऐवजी पंधरा दिवस ताजे दिसू लागले, आणि लिस्टेरियाला मात्र धक्का लागला नाही, तर काय होईल? त्याला वाढायला दहा दिवस अधिक मिळतील आणि खाणाऱ्याला कोणतीच सूचना मिळणार नाही. टिकाऊपणा वाढला, सुरक्षितता घटली. हे केवळ तर्कट नव्हे. युरोपीय संघाच्या २००४ च्या अन्नसंपर्क कायद्यात सक्रिय वेष्टनांविषयी असे स्पष्ट कलम आहे, की अन्न नासल्याचे लपवून ग्राहकाची दिशाभूल होईल असा बदल त्यांनी घडवता कामा नये.

म्हणून १९८० नंतरचे संशोधन रोगकारक जंतूंकडे वळले. जपानमध्ये चांदीचे आयन सोडणारे झिओलाइट प्लास्टिकमध्ये मिसळले जाऊ लागले. धातूंच्या या गुणाचे शास्त्रीय वर्णन कार्ल नेगेली या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नावे १८९३ साली प्रसिद्ध झाले होते. पितळेच्या भांड्यात ठेवलेल्या पाण्यातील जिवाणू एक-दोन दिवसांत निष्प्रभ होतात, असे २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातही आढळले. पण पाणी आणि पनीर यांत फरक आहे. चांदीचा आयन गंधकयुक्त अणुगटांना घट्ट धरतो. जिवाणूची प्रथिने निकामी होतात ती त्यामुळेच. परंतु पनीर, मासे आणि मांस यांच्या प्रथिनांतही तेच गट असतात. त्यामुळे जंतूपर्यंत पोचण्यापूर्वी बरीचशी चांदी अन्नातच अडकून पडते.

अशीच फसगत ट्रायक्लोसानची झाली. हे द्रव्य जंतूवर एकाच वेळी अनेक ठिकाणी आघात करते, म्हणून त्याला प्रतिरोध निर्माण होणार नाही असा समज होता. १९९८ साली अमेरिकेत स्टुअर्ट लेव्ही यांच्या गटाने दाखवले की ई. कोलायमध्ये त्याचे लक्ष्य मेदाम्ले बनवणाऱ्या एका विशिष्ट विकरावर असते. लक्ष्य एकच असेल, तर त्यात बदल घडवून जंतू निसटू शकतो. बंगळूरमध्ये नमिता सुरोलिया आणि अवधेश सुरोलिया यांनी २००१ साली याच ज्ञानाचा सुंदर उपयोग केला. मलेरियाच्या परजीवीतील तत्सम विकर ट्रायक्लोसानने अडवता येते, हे त्यांनी सिद्ध केले. वेष्टनाच्या दृष्टीने मात्र १९९९ चा एक प्रयोग निर्णायक वाटतो. ट्रायक्लोसान मिसळलेल्या प्लास्टिकने पेट्री डिशमध्ये जंतूंची वाढ छान रोखली. तेच प्लास्टिक मांसाभोवती गुंडाळून शीतकपाटात ठेवल्यावर मात्र अपेक्षित परिणाम दिसला नाही. पुढे २०१० साली युरोपीय संघाने अन्नाशी संपर्क येणाऱ्या प्लास्टिकमधील पदार्थांच्या यादीतून ट्रायक्लोसानला वगळले.

नैसर्गिक द्रव्यांची कथाही याहून फार वेगळी नाही. दुधातील जिवाणूंपासून मिळणारे निसिन १९२८ पासून परिचित आहे. त्याला १९४७ साली नाव मिळाले आणि १९६९ साली अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या संयुक्त समितीने त्याला मान्यता दिली. लिस्टेरियावर ते चांगले चालते. साल्मोनेला आणि ई. कोलाय यांना बाहेरून एक जादा पटल असते, त्यामुळे एकटे निसिन त्यांच्यापर्यंत पोचत नाही. कोळंबीच्या कवचापासून कायटोसॅन बनवण्याचे तंत्र कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने आपल्या देशात विकसित केले. किनाऱ्यावरच्या कचऱ्यातून फिल्म बनावी ही कल्पना मोहक आहे. पण सुकलेल्या फिल्ममधील कायटोसॅनचे लांबलचक रेणू बाहेर पडत नाहीत, त्यामुळे फिल्म जेथे टेकेल तेथेच त्यांचे काम चालते. ओबडधोबड पृष्ठभागाच्या पदार्थाला ती टेकणार तरी किती? जपानने त्यावर तोडगा काढला तो वाफेचा : मोहरी-वासाबीतील तिखट द्रव्य सोडणारे पातळ तुकडे जेवणाच्या डब्यात ठेवणे. आपल्याकडे लोणच्यासाठी मोहरी फेसतात तेव्हा नाकात जाते ते हेच द्रव्य. अख्ख्या मोहरीला तो वास नसतो. दाणा फुटून पाणी लागल्यावरच विकराच्या क्रियेने ते तयार होते. अर्थात वाफ सर्वत्र पोचते तशी चवही सर्वत्र पोचते. मोहरीचा वास लागलेले श्रीखंड कोण खाईल?

कायद्यालाही हा विषय अवघड जातो. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०१८ च्या वेष्टन विनियमांनुसार प्लास्टिकमधून अन्नात उतरणाऱ्या एकूण द्रव्याची मर्यादा किलोमागे ६० मिलिग्रॅम आहे. या नियमामागची धारणा जुनी आहे : चांगले वेष्टन अन्नाला काही देत नाही. सक्रिय वेष्टनाचे काम मात्र देणे हेच आहे. युरोपने त्यासाठी २००९ साली स्वतंत्र नियम केले. आपल्याकडेही अशा वेष्टनांचा विचार त्यांच्या कामाच्या स्वरूपानुसार स्वतंत्रपणे व्हायला हवा. फिल्म अन्नाला जे देते ते अखेरीस माणूसच खातो.

हे सारे लिहिण्याचा हेतू संशोधकांचा उत्साह मोडण्याचा नाही. उष्ण हवामान, लांबचे रस्ते आणि अपुऱ्या शीतसाखळ्या असलेल्या आपल्या देशाला अशा वेष्टनांची गरज युरोपहून अधिक आहे. पण पुढच्या वेळी अशी बातमी वाचाल तेव्हा काही प्रश्न अवश्य विचारा. प्रयोग पेट्री डिशमध्ये झाला की प्रत्यक्ष अन्नावर? कोणत्या जंतूवर? कोणत्या तापमानाला, किती दिवस? द्रव्य किती वेगाने आणि किती प्रमाणात अन्नात उतरले? आणि सर्वांत महत्त्वाचे : जो जंतू दिसत नाही, वास देत नाही, त्याची वाढ मोजली का?

विद्यार्थी मित्रांना एक सुचवावेसे वाटते. ग्रंथालयात ‘जर्नल ऑफ फूड सायन्स अँड टेक्नॉलॉजी’चे १९७३ आणि १९७७ चे अंक मिळाले तर म्हैसूरचे ते दोन निबंध जरूर वाचा. त्या वेष्टनाचे शीर्षकातले नावच ‘बुरशीरोधक’ आहे. ‘सुरक्षित अन्न’ असा दावा त्यात नाही. आपला कागद काय करतो आणि कोणासाठी करतो, हे त्या संशोधकांना नेमके ठाऊक होते. आजच्या फिल्मबद्दलही तितक्याच नेमकेपणाने बोलले गेले, तर शीर्षकातील शब्द आणि मजकुरातील आकडे एकमेकांना धरून राहतील.